गंगाजळी आणि दहा रिकामे दिवस

वेळेवर आलेल्या बसमध्ये भिंगसाहेब चढत नसत. "ही आजची वेळेवर आलेली नाही, मागची उशिरा आलेली आहे," असं म्हणून ते पुढच्या बसची वाट बघत थांबत, आणि ती आली की तिच्याकडेही जरा वाकड्या नजरेनेच बघत. डॉक्टरने तब्येत ठणठणीत आहे असं सांगितलं, तर हा गृहस्थ दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊन विचारून आला, की पहिला डॉक्टर असं का म्हणाला असेल.

लग्नाचंही तसंच. मुलीकडच्यांनी पहिल्याच भेटीत होकार दिला आणि यांच्या मनात पाल चुकचुकली. इतक्या पटकन हो म्हणाले, म्हणजे नक्की काहीतरी लपवतायत! तीन दिवस हे त्या गल्लीत चौकशा करत फिरले. पानवाल्याला विचारलं, न्हाव्याला विचारलं, समोरच्या घरातल्या म्हातारीला विचारलं. काहीच सापडलं नाही, तेव्हा तर संशय जास्तच बळावला. पण तारीख ठरून गेली होती. बायको अजूनही चारचौघांत म्हणते, "चौकशी करायची ती मी करायला हवी होती. मला पहिल्या घरातच सगळं कळलं असतं."

मुलगी झाली तेव्हा बाळाच्या मनगटावर बांधलेल्या चिठ्ठीवरचा नंबर यांनी आपल्या वहीत उतरवून घेतला आणि घरी येईपर्यंत सात वेळा ताडून पाहिला. ती मुलगी मोठी होऊन सरकारी दवाखान्यात परिचारिका झाली. आता तीच दुसऱ्यांच्या बाळांच्या मनगटावर चिठ्ठ्या बांधते.

तर असा माणूस सरकारने कुठे बसवावा? राज्याच्या वित्त विभागात, तिसऱ्या मजल्यावर, गंगाजळीच्या टेबलावर. मूठ तडकलेलं आणि दोऱ्याने गुंडाळलेलं एक भिंग कायम हातात असे, म्हणून नाव पडलं भिंगसाहेब. खरं नाव फक्त पगारपत्रकात उरलं होतं.

आता गंगाजळी म्हणजे काही अवघड प्रकरण नाही. घरातली बाई महिन्याच्या खर्चातून उरलेले चार पैसे कपड्यांच्या घडीखाली सारून ठेवते, तेच सरकार करतं. वर्षाच्या सुरुवातीला सरकार अंदाज बांधतं, की यंदा करातून एवढे पैसे येतील. वर्षअखेर त्याहून जास्त आले, तर जेवढे जास्त तेवढे गंगाजळीत. मंत्र्याला विचारायचं नाही, संत्र्याला विचारायचं नाही, आपोआप जायचे. ती फुगत फुगत वर्षाच्या खर्चाच्या दहाव्या हिश्श्याएवढी झाली की भरणं थांबतं.

भरणं हे असं सोपं. काढणं मात्र महाकठीण, आणि ते कठीण राहावं यासाठीच भिंगसाहेबांचा जन्म होता. गंगाजळी दोनच वेळा उघडते. एक, मोठं संकट आलं तर. दोन, एखाद्या तिमाहीत कराचा भरणा मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा दहाव्या हिश्श्याहून जास्त घटला तर. त्यातही आधी गंगाजळीच्या लेखापालाने सहीनिशी दाखला द्यायचा, की घट खरी आहे, लोकांकडून येणारा पैसाच आटला आहे. मग सभागृहात तीनातल्या दोघांनी हात वर करायचे. मग कुठे निम्म्यापर्यंत पैसे बाहेर. एकवीस वर्षांत भिंगसाहेबांकडे दाखल्यासाठी चार वेळा कागद आले आणि चारही वेळा हिरमुसलं तोंड घेऊन परत गेले.

गेल्या वर्षअखेर तर त्यांच्या आयुष्यातला सोन्याचा दिवस उगवला होता. गंगाजळीत एका वर्षात कधी नव्हे एवढी भर पडली. सचिवांनी, म्हणजे खात्याच्या मोठ्या साहेबांनी, कौतुकाचं पत्र दिलं. भिंगसाहेबांनी ते उजेडात धरून पाहिलं, सही शाईची आहे की शिक्क्याची.

आणि त्यानंतर तीनच महिन्यांनी तिजोरीत खडखडाट झाला.

पगार अडले. आधी शिक्षकांचे, मग दवाखान्यांतल्या लोकांचे. परिचारिकांना दोन महिने छदामही मिळाला नाही. लेक दोन मुलांना घेऊन आईबापांकडे राहायला आली. घरभाडं थकलं होतं, घरमालकाने कुलूप घालायची भाषा केली होती, आणि नवरा परगावी कामाला, त्याचं त्यालाच पुरत नव्हतं.

"बाबा, तुमच्या त्या गंगाजळीत एवढे पैसे आहेत म्हणता," लेक जेवताना म्हणाली. "मग ते कोणासाठी ठेवलेत? तुम्हाला बघायला?"

"ते अडीअडचणीसाठी असतात."

"मग ही काय सहल आहे?"

 नातवाच्या ताटातली भाजी भिंगसाहेबांनी उगाच जरा इकडची तिकडे केली. बायको म्हणाली, "अगं, त्यांना आधी हे तपासू दे, की तू खरंच उपाशी आहेस का."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या साहेबांनी बोलावलं. साहेब उंच, मऊ आवाजाचे आणि घाईत असलेले. त्यांनी एक जाड फाईल टेबलावरून पुढे सरकवली.

"पहिल्या तिमाहीत भरणा शंभरात अकराने घटलाय. नियम दहाचा आहे. दाखला तयार आहे, तुम्ही सही करा. सोमवारी सभागृह बसतंय, शुक्रवारपर्यंत कागद वर गेला पाहिजे. परिचारिकांचे पगार अडलेत हो. तुमची मुलगीही त्यातच आहे ना?"

झालं! माझी मुलगी कुठे काम करते हे साहेबांना कसं ठाऊक? आणि ठाऊक असलं तरी आत्ताच का आठवलं? भिंगसाहेबांच्या कानांमागे मुंग्या फिरल्यासारखं झालं.

"फाईल वाचून सांगतो, साहेब."

"वाचण्यासारखं काही नाही त्यात."

या एका वाक्याने भिंगसाहेबांचा निश्चय झाला. वाचण्यासारखं काही नाही असं ज्या ज्या फाईलबद्दल कोणी म्हणालं, ती ती त्यांनी आजवर दोनदा वाचली होती.

खर्चाच्या यादीत पहिली ओळ पगारांची होती. त्याखाली एकेचाळीस ओळी होत्या. रस्त्यांची डागडुजी, दुसऱ्या रस्त्यांची डागडुजी, त्याच रस्त्यांचं सुशोभीकरण, एक कारंजं, एक स्वागतकमान, विश्रामगृहाचे पडदे. वर्षभरात निवडणूक होती. पगारांना लागणारी रक्कम सगळ्या यादीच्या चौथाईसुद्धा नव्हती. पुढे पगारांची ओळ उभी करून तिच्या पाठीमागे एकेचाळीस जण वाकून लपलेले!

मग त्यांनी भरण्याचे रोजचे तक्ते काढले आणि भिंग लावलं. वर्षाचा पहिला दिवस, भरणा शून्य. दुसरा, शून्य. तिसऱ्या दिवशी एका तालुक्यातून थोडा, तोही कोणा चुकार माणसाचा. असे दहा दिवस. अकराव्या दिवसापासून पैसे नेहमीसारखे, उलट मागच्या वर्षीपेक्षा जरा जास्तच.

भिंगसाहेब खुर्चीत मागे रेलले. दहा दिवस अख्ख्या राज्यात कोणी करच भरला नाही? दुकानं उघडी होती, गाड्या धावत होत्या, घरं विकली जात होती. मग पैसे गेले कुठे? कोणीतरी दाबले. गंगाजळीचं कुलूप उघडावं म्हणून मुद्दाम खोटी घट दाखवली. अहो, केवढी मोठी लबाडी! त्यांना इतका आनंद झाला, की शिपायाला त्यांनी आपणहून चहा पाजला. शिपायाने तो घेतला, पण पिण्याआधी दोनदा हुंगला. इतकी वर्षं एका खोलीत काढल्यावर माणूस शिकतोच.

गुरुवारी पहाटे उठून, ऑफिसात कोणाला न सांगता, त्यांनी लांबच्या एका तालुक्याची बस धरली. बस वेळेवर आली होती, तरी चढले. यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते ओळखा.

तिथलं कोषागार म्हणजे सरकारी पैशांचा भरणा घेणारी कचेरी, बैठ्या इमारतीत, तीन खोल्यांची. पत्र्याची कपाटं, जाळीची खिडकी, भिंतीवर थांबलेलं घड्याळ. मुख्य कारकून एक पन्नाशीच्या बाई होत्या, चष्मा डोक्यावर ढकललेला, समोर चलनांचे गठ्ठे. पैसे भरल्याची पावती म्हणजे चलन. भिंगसाहेबांनी ओळख सांगितली, तशी बाईंच्या हातातला शिक्का हवेतच राहिला.

"अगं बाई! तुम्हीच का ते?"

"वर्षाच्या पहिल्या दहा दिवसांची चलनं काढा," भिंगसाहेब करड्या आवाजात म्हणाले. "सगळी. आणि कोणालाही फोन करायचा नाही."

"फोन बंदच आहे हो, तीन आठवडे झाले. चलनं काढते की."

बाईंनी कपाट उघडलं आणि सुतळीने बांधलेला गठ्ठा काढून धाडकन टेबलावर ठेवला. म्हणजे लपवलेला नव्हता! भिंगसाहेब जरा बिचकले. त्यांनी एकेक चलन पाहिलं. तारखा नव्या वर्षाच्या. पैसे आलेले, शिक्के बसलेले. पण प्रत्येकाच्या कोपऱ्यात लाल शाईने लिहिलेलं, जुन्या वर्षात धरले.

"हे कोणाच्या सांगण्यावरून केलंत?" त्यांनी विचारलं. कुठल्या मंत्र्याचं नाव निघतंय म्हणून त्यांनी वहीसुद्धा उघडली होती.

बाईंनी गठ्ठ्याच्या तळाचा कागद काढून समोर धरला. खाली सही होती. भिंगसाहेबांनी भिंग लावलं. सही त्यांचीच होती.

झालं होतं ते असं. वर्ष संपता संपता त्यांना संशय आला होता, की तालुक्याचे लोक शेवटच्या दिवसांतला भरणा आळसाने नव्या वर्षात ढकलतात आणि गंगाजळीचा घास जातो. म्हणून त्यांनी परिपत्रक काढलं. जुन्या वर्षात आलेला पण नोंदायचा राहिलेला भरणा, पुढचे दहा दिवस जुन्या वर्षातच नोंदवावा. आणि खाली स्वतःच्या हाताने भर घातली, की असं एकही चलन जुन्या वर्षातून सुटलेलं आढळल्यास संबंधित कारकुनाने त्या चलनापुरता स्वतंत्र लेखी खुलासा द्यावा.

"पण बाई, जुन्या वर्षातलं नोंदवा म्हटलंय! नव्या वर्षात आलेले पैसे कशाला जुन्यात घातलेत?"

"कळत होतं हो साहेब. वाचता येतं आम्हाला."

"मग?"

"मग काय! एखादं चलन जुनं की नवं यात तुम्हाला शंका आली असती, तर खुलासा कोणी लिहायचा? मागे एकदा अडीच पैशांच्या फरकासाठी तुम्ही माझ्याकडून नऊ खुलासे घेतलेत. नववा तर आठव्यात 'सविनय' का नाही लिहिलं, याबद्दल होता. आम्ही म्हटलं, दहाही दिवस सरसकट जुन्यात घाला. जुन्यात जास्त गेलं म्हणून त्या माणसाने कोणाला फाडून खाल्ल्याचं आजवर ऐकलं नाही."

"बाकीच्या तालुक्यांनीही असंच?"

"फोन चालू होता तेव्हा आम्ही एकमेकींना विचारलं होतं. सगळ्यांनी. शेजारच्या तालुक्यातला एक नवा कारकून सोडून, त्याने एक चलन नव्यात धरलं. त्याला अजून तुमचा अनुभव नाही."

भिंगसाहेब बाकावर बसले. बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला, तो त्यांनी न बघता पिऊन टाकला.

परतीच्या बसमध्ये त्यांनी हिशेब मांडला आणि तो चार वेळा तपासला. नव्या वर्षाच्या दहा दिवसांचा पैसा जुन्या वर्षात गेला. म्हणून जुनं वर्ष श्रीमंत दिसलं आणि तो जादा दिसणारा पैसा नियमाप्रमाणे गंगाजळीत गेला. ती कधी नव्हे एवढी पडलेली भर, ते कौतुकाचं पत्र, सगळं या दहा दिवसांचं! खरी भर जेमतेम दोन दिवसांच्या भरण्याएवढी होती. आणि नवं वर्ष तेवढंच गरीब झालं, घट शंभरात अकरा झाली, पगार अडले. लेकीचा पगार त्यांनी स्वतः, स्वतःच्या हाताने, कुलूपबंद करून ठेवला होता.

शुक्रवारी सकाळी ते साहेबांसमोर उभे राहिले आणि सगळं सांगितलं. साहेब खिडकीबाहेर बघत ऐकत होते.

"हे अजून कोणाला माहीत आहे?"

"त्या बाईंना, साहेब. आणि मला."

"मग प्रश्नच मिटला. कागदावर घट आहे, दाखला कागदाचाच असतो. सही करा. पगारही होतील, कामंही होतील आणि तुमचं नावही कुठे येणार नाही. निवृत्तीला किती राहिलेत?"

"आठ महिने."

"बघा! कशाला हात घालताय?"

भिंगसाहेबांनी साहेबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आपल्यावर एवढी माया यांना कधीपासून आली? लग्नाच्या वेळी गल्लीत फिरताना आला होता तसलाच संशय आला. फक्त या वेळी चौकशी करावी लागणार नव्हती. एकेचाळीस ओळी त्यांच्या हातात होत्या.

"दुसरी वाट आहे, साहेब. चुकून जमा झालेली रक्कम दुरुस्तीच्या नोंदीने परत करता येते. सभागृहही लागत नाही. जेवढी चूक तेवढीच बाहेर येते, म्हणजे दहा दिवसांची. कारंजं बसणार नाही त्यात, पण पगार बसतात."

"ती नोंद करायला चूक कोणाची ते नावानिशी लिहावं लागतं. ठाऊक आहे ना?"

"तो नियम मीच घालायला लावला होता."

"मग चौकशी लागेल. चौकशी लागली, की निवृत्तिवेतन अडकेल. आणि घरी एवढी माणसं."

भिंगसाहेब आपल्या टेबलावर आले. सगळी दुपार त्यांनी टिपण लिहिण्यात घालवली. पहिल्या मसुद्यात त्यांनी लिहिलं, 'काही तालुक्यांच्या गैरसमजामुळे.' वाचलं. ज्याने लिहिलं त्याच्यावर त्यांना संशय आला. चालाख माणूस दिसतो, बायकांच्या माथी मारून मोकळा होतोय! तो कागद टराटरा फाडला. दुसऱ्यात खाली सही करणारा म्हणून स्वतःलाच धरून लिहिलं, 'निम्नस्वाक्षरीकाराने काढलेल्या परिपत्रकाच्या धाकाने.' हे मात्र भिंग लावून वाचलं तरी टिकलं. टिपण साहेबांकडे ठेवून ते थेट लेखापरीक्षकांच्या आवक टेबलावर गेले आणि दुसरी प्रत तिथे देऊन पोच घेतली. साहेबांवर विश्वास नव्हता असं नाही. होता, पण पोच असलेला विश्वास बरा.

टिपणाचा गवगवा झाला. लेखापरीक्षकांकडे प्रत गेली म्हटल्यावर दाखल्याची फाईल सोमवारी सभागृहात जाऊच शकली नाही. एकेचाळीस जण पहिल्या ओळीमागून उठून आपापल्या खात्यांत परत गेले. बारा दिवसांनी दुरुस्तीची नोंद झाली आणि तेराव्या दिवशी परिचारिकांचे दोन्ही महिन्यांचे पगार जमा झाले. चौदाव्या दिवशी भिंगसाहेबांना चौकशीचा कागद मिळाला आणि गंगाजळीच्या टेबलावरून त्यांची बदली तळमजल्यावर झाली, जुन्या कागदांच्या खोलीत. निवृत्तिवेतनाचं पुढे बघू, असं तोंडी सांगण्यात आलं. लेखी मागितल्यावर कोणी दिलं नाही.

लेकीने घरभाडं चुकतं केलं, मुलांना घेऊन आपल्या घरी गेली आणि पुढच्या रविवारी एकटीच आली. बाप बाहेरच्या खोलीत खुर्चीवर होता. ती समोर बसली.

"बाबा, एक विचारू? दवाखान्यात सगळ्या जणी बोलतायत."

"काय बोलतायत?"

"की दोन महिने आमचे पगार तुम्ही अडवलेत. कोणी म्हणतं चूक झाली. कोणी म्हणतं, मुद्दाम केलं, गंगाजळी फुगवून दाखवायला, साहेबाकडून पत्र मिळवायला. पत्र तर मिळालंच होतं तुम्हाला." ती जरा पुढे सरकली. "मला खरं सांगा. माहीत होतं तुम्हाला?"

आतून बायको ओरडली, "अगं, बापाला असं विचारतात का?"

"विचारू दे!" भिंगसाहेब म्हणाले. "तिच्या घराला कुलूप लागणार होतं, तुझ्या नाही." मग लेकीकडे वळून त्यांनी विचारलं, "मी नाही म्हणालो, की लगेच मानशील तू?"

"नाही."

"मानू नकोस. मी सांगतोय म्हणून तर अजिबात मानू नकोस."

ते उठले. आतल्या खोलीत जाऊन परिपत्रकाची प्रत, रोजचे तक्ते, टिपण आणि त्याची पोच असा सगळा गठ्ठा घेऊन आले आणि जेवणाच्या टेबलावर तारखेवार मांडू लागले. लेकीने खुर्ची पुढे ओढली. पहिला कागद तिने वाचला, उलटा करून मागची बाजू पाहिली, मग परत सुलटा केला.

"ही तारीख नंतर टाकलेली नाही कशावरून?" ती म्हणाली.

"आवक क्रमांक बघ. आणि पुढच्या-मागच्या क्रमांकांशी ताडून बघ, नुसता हाच नको."

ती ताडून बघू लागली. बायको चहाचे कप घेऊन आली, पण टेबलावर ठेवायला जागाच नव्हती. दोन्ही हातांत कप धरून ती तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "किती कागद आहेत एकूण?"

"एकशे सव्वीस," भिंगसाहेब म्हणाले.

"एकशे पंचवीस," लेक म्हणाली. "मी मघाशीच मोजले. एक कुठे आहे?"